शेवंतीच्या गावाला जाणारी गाडी

२४ ऑगस्ट १९६९
नाही म्हणजे नाही! डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं – सातवा लागलाय, एस.टी.चा घाटरस्ता चालणार नाही, बाळंतपण इथंच भाईंदरला करा. पहिलं बाळंतपण माहेरी आणि त्याआधी गणपतीही माहेरी, असं ठरवून शेवंतीनं कधीचीच ट्रंक भरून ठेवलीय. मी म्हटलं, अगं, तुमच्या संगमेश्वराकडे रेल्वे असती तर अलगद नेली असती तुला. तिनं असं पाहिलं, की जणू रेल्वे मीच अडवून धरलीय.

२६ ऑगस्ट
आमचे घरमालक, मिठागरवाले बाळारामदादा, यांनी बोलावलं होतं. त्यांच्या बोटीवरच्या भावानं चावीची विलायती गाडी आणलीय. इंजिन, तीन डबे, गोल फिरणारे रूळ! यंदा ती गणपतीपुढे पळणार आणि तिच्यामागचा देखावा मी रंगवायचा. दुकानांच्या पाट्या रंगवून हात आंबला होता, मी लगेच हो म्हटलं. काय काढू, विचारलं तर म्हणाले, तुला आवडंल त्ये काड. एवढं मोकळं रान मला कुणी देऊ नये.

२९ ऑगस्ट
शेवंतीचं गाव काढायचं! तिकडे गाडी जात नाही ना? माझी जाईल. तिला पत्ता लागू द्यायचा नाही.

मांजरपाटाचं कापड घेतलं, त्यावर सरस-खडूच्या अस्तराचा हात दिला. दादांच्या ओटीच्या कोपऱ्यात ते काटकोनात न बसवता गोलाईनं वळवलं. आभाळाला कोपरा दिसला तर कोण विश्वास ठेवणार? डोंगर जितका लांब तितकी नीळ आणि खडू जास्त. नीळ आमच्याच मोरीतली घेतली.

२ सप्टेंबर
“नीळ कुठं गेली?” – आठवड्यात शेवंती आपणहून बोलली ती एवढंच. बरं वाटलं.

५ सप्टेंबर
गाढव आहे मी! उभ्यानं रंगवत बसलो. दुपारी दादांच्या इंदुबाई तांदूळ निवडायला खाली बसल्या आणि म्हणाल्या, यो डोंगर आंगावर येतंय रं. खाली बसून पाहिलं – खरंच! भजनाला माणसं बसणार जमिनीवर आणि मी क्षितिज ठेवलं माझ्या टाळक्याला. डोंगर, नदी, देऊळ सगळं पुसून वीतभर खाली घेतलं. रात्रीपर्यंत खडू खाल्ला.

८ सप्टेंबर
स्टेशन जमलं. डाव्या टोकाला गाव, त्याला लागून पुठ्ठ्याचा बोगदा. गाडी बोगद्यातून निघते, गावावरून उजवीकडे जाते आणि कापडामागून वळून परत बोगद्यात शिरते. फलाटावर हिरव्या लुगड्यात माझ्या सासूबाई, गोदूबाई. हात हलवताहेत. लग्नानंतर आम्ही निघालो तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर अशाच उभ्या होत्या.

संध्याकाळी दादा आले. खाली बसून सगळं पाहिलं. मग म्हणाले, “पेंटर, समदं झाक हाय. पन माजी मिठागरं कुठं हायत?” मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात आवडेल ते काढ. “व्हय, पन गनपती माज्या घरचा हाय ना!” आता बोला. उजव्या टोकाला खडूचे चार फटकारे मारले, झाल्या आपल्या भाईंदरच्या मिठाच्या राशी. दादा खूश. माझ्या मते भात सांडल्यासारखं दिसतंय.

१२ सप्टेंबर
आज शेवंतीला नेऊन दाखवलं. इंदुबाईंनी तिला पाटावर बसवलं, मी चावी दिली. गाडी बोगद्यातून निघाली, देवळासमोरून गेली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. वाटलं, आता हसेल.

तिचे डोळे भरले. आनंदानं नव्हे.

“अहो, ही गाडी माझ्या गावाहून नुसती निघतेच आहे,” ती म्हणाली. “पोचत कधीच नाही.”

खरंच की. दिसते तेव्हा ती गावाकडे पाठ करूनच. पोचते ती पडद्याआड, कुणाला न दिसता! त्या गावाला जाऊन मी काय केलं आजवर? दोनदा गेलो, दोन्ही वेळा हिला घेऊन निघालो. मला निघणंच ठाऊक, तेच काढलं. जेवण गेलं नाही.

१३ सप्टेंबर
सकाळीच इंजिन आणि डबे उचलून उलटे लावले. आता गाडी मिठागरांपासून सुटते, डोंगर ओलांडते आणि गावाला लागून बोगद्यात शिरते. सासूबाईंना हात लावावा लागला नाही. काल निरोप देणारा त्यांचा हात आज बोलावणारा दिसतोय. ब्रश न बुडवता एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही!

शेवंतीनं स्वतः चावी दिली. पुन्हा दिली. इंदुबाईंचे तांदूळ तसेच राहिले.

१५ सप्टेंबर, गणेशचतुर्थी
दादांकडे आमचं सगळं नवघर गाव लोटलं. शेवंतीच्याच मुलखातले, लांज्याचे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन विचारत होते, तिकडची गाडी कधीपासून सुरू झाली? मी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितलं – आजपासून.

१९ सप्टेंबर
गौरी-गणपती गेले. दादांनी गाडी कपाटात ठेवली, कापड शेवंतीला दिलं. ते टांगल्यावर आमच्या खोलीची अख्खी भिंत आता संगमेश्वर झालीय. ट्रंक तिनं आपली आपणच रिकामी केली.

१२ ऑक्टोबर
सासूबाई आल्या! बाळंतपणासाठी, एकट्या, एस.टी.नं, सोबत फणसाच्या आठळ्या. भिंतीपुढे उभ्या राहिल्या. मी तारीफ ऐकायला सज्ज. म्हणाल्या, जावईबापू, मी एवढी जाडी आहे होय?

१७ नोव्हेंबर
मुलगी! दोघी सुखरूप. शेवंती पडल्या पडल्या भिंतीकडे बघत होती. गावाकडे नाही, दुसऱ्या टोकाला, माझ्या त्या चार फटकाऱ्यांकडे. म्हणाली, “त्या मिठाच्या राशी जरा नीट काढा. आणि पुढच्या गणपतीला गाडी परत उलटी लावा. हिचं माहेर इकडं आहे.”