ऑक्टोपसखाली नाव कुणाचं

केज, ता. ४ ऑगस्ट

ती. शिवकन्याआक्कास,
धाकट्या हरिओमचा सा. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी दुपारी चार वाजता धनश्रीनं मला विचारलं की ऑक्टोपसला कुकरच्या किती शिट्ट्या लिहिल्या, आणि तिथून माझं सगळं बदललं. मोबाईल मी रागात फोडलाय, म्हणून पत्र.

कॉलेज सुटल्यापासून (सुटलं न्हाई, मी सोडलं; भावजी काहीही सांगोत) मी इथले पुढारी आप्पारावसाहेब यांच्या बंगल्यावर टायपिंगला आहे. साहेब मागं उसाचा अभ्यास करायला मॉरिशस बेटावर गेले होते. काय अभ्यास केला ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण सोबत गेलेल्या त्यांच्या पत्नी अंजनाबाई वीस दिवस तिथल्या बायकांच्या चुलीपुढं बसल्या आणि वही भरून आणली. एकेचाळीस पदार्थ. तमिळ, चिनी, मुसलमान, आफ्रिकेतून आणलेल्यांचे, आपल्याकडून पिढ्यांमागं गेलेल्या मराठी लोकांचे. साहेबांच्या वाढदिवसाला त्याचं पुस्तक निघणार. प्रत्येक पदार्थाखाली तो शिकवणाऱ्या बाईचं नाव आहे. ऑक्टोपसखाली मारी-आंज. पुस्तक निघालं तर माझं नाव राहू द्या, एवढंच तिनं मागितलं होतं. बाईंनी हातावर हात ठेवून शब्द दिला.

बाईंचं अक्षर फक्त त्यांच्या भाचीला, धनश्रीला लागतं. ती वाचते, मी टाईप करतो. परवा मी तिला लग्नाचं विचारूनच टाकलं. ती म्हणाली, आधी इथं पक्के व्हा, मग बघू. आक्का, 'मग बघू' म्हणजे नाही नव्हे.

सोबत एक कृती पाठवतो, करून बघ. तुझी माया आहे तेवढी असू दे, कमी करू नको.

तुझा,
हरिओम

कडा, ता. १२ ऑगस्ट

चि. हरिओम यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद, तू ऐकणार नाहीस तरी.

पोस्टमननं तुझं पत्र बँकेची नोटीस समजून मामंजींच्या हातात दिलं. त्यामुळं तुझं प्रेम आता घरात सगळ्यांना माहीत आहे. मामंजींनी एवढंच विचारलं की पोरगं कॉलेजात शिकत काय होतं.

ती ढोलपुरी केली. हरभऱ्याची डाळ भरलेली पोळी, आणि गूळ नाही. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि घरातला गूळ संपला का म्हणून विचारलं. सकाळी उरलेल्या चार ठेच्याशी त्यांनीच संपवल्या.

आता ऐक. कॉलेजात सरांशी, मग मेडिकलच्या मालकाशी, मग मोबाईलशी, सगळ्यांशी तुझं भांडून झालंय. त्या बंगल्यावर तरी तोंड सांभाळ. आईला जरा झोप लागू दे. आणि लग्नाआधी तुझ्या भावजींना मीही 'मग बघू'च म्हणाले होते. नाही म्हणायला लाज वाटली म्हणून.

आठवण ठेवतोस तशी अक्कलही ठेव.

तुझी,
आक्का

केज, ता. २३ ऑगस्ट

ती. आक्कास,
सा. न. तोंड सांभाळलं नाही.

साहेबांचा पीए सटवा म्हणाला की ही नावं कावून छापायची, यातली एक तरी बाई मतदानाला येणार हाय का. बॅनरवर शुभेच्छुक असतात तसा एकेका पदार्थाखाली एकेक कार्यकर्ता टाकायचा, फोटोसकट. यादी त्यानं गावांप्रमाणे लावली. ऑक्टोपस चौसाळ्याच्या धोंडीरामला आला. धोंडीराम माळकरी आहे, अंडंही खात नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, फोटो मोठा असंल तर चालंल.

अंजनाबाई मारी-आंजचं पान उघडून माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, ती दर रविवारी व्हिडिओ कॉल करून विचारते पुस्तक कुठवर आलं, आता तिला तोंड कसं दाखवू. साहेबांपुढं मात्र गप्प. धनश्री म्हणाली, सांगितलंय तेवढं टाईप करा, दिवाळीला साहेब पक्कं करतील.

मी सटव्याची यादी टाईप केली आणि प्रेसला बाईंची पाठवली.

काल पहिला छापील नमुना आला. साहेबांनी पानं उलटून विचारलं, धोंडीराम कुठाय. धनश्रीनं मला डोळ्यानं खुणावलं, चुकून झालं म्हणा. तेवढं म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती, आणि 'मग बघू' पण. मी म्हणालो चुकून न्हाई, मुद्दाम केलं. शिवाय साहेबांनी उसाचा काय अभ्यास केला तेही विचारलं. ते लई झालं.

साहेब सटव्याला म्हणाले की हे फाडून टाक. तेव्हा अंजनाबाई बोलल्या. पोरानं माझ्या सांगण्यावरून केलं, म्हणाल्या. एक जरी नाव निघालं तर वाढदिवसाला औक्षण करायला मी स्टेजवर येणार न्हाई. आक्का, बाईंनी मला काहीच सांगितलं नव्हतं. साहेबांनी भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाले, छापा तसंच. पण हे पोरगं उद्यापासून इथं दिसलं न्हाई पाहिजे.

पुढच्या आठवड्यात एसटीनं कड्याला येतो. भावजींना आधी सांगू नको. तोवर माझ्या वाटणीचा लोभ बाजूला काढून ठेव.

तुझा,
हरिओम

ता. क. धनश्री काय म्हणाली, हे तू विचारणारच. निघताना मी तिच्यापुढं थांबलो. वही बंद करून ती म्हणाली की जाताना दार लावून घ्या, एसी चालू आहे. मी बाहेर आलो आणि दार लावलं.