दिनबाचे चिंचोके

लाखांदूर, रविवार, ८ जानेवारी १९८४

संध्याकाळी मास्तरांशी कागदावरचं फाशांचं क्रिकेट पुन्हा हरलो. प्रत्येक बॉलरपुढे दमाचे आठ चिंचोके ठेवायचे, ओव्हर टाकली की एक उचलायचा. चिंचोके संपल्यावर त्याला टाकायला लावलं तर समोरच्याला रन दुप्पट. नियम माझाच. तरी माझ्या टीममधल्या दिनबाला बदललं नाही. त्याचा शेवटचा चिंचोका उचलला, आणि वर अजून दोन ओव्हर. बाकीच्यांचे चिंचोके तसेच पडून. काहून केलं असं? दुसऱ्या कोणावर भरवसाच बसत नाही माझा.

टीमला आम्ही गावातल्याच पोरांची नावं दिलीत. खरा दिनबा बाजूलाच बसून पाहत होता. तीन वर्षांमागे खऱ्या मैदानावर कॅप्टन मीच होतो. दिवसभर त्यालाच टाकायला लावलं. तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. धानाचा भाराही डाव्या हातानं उचलतो.

आज तो रागावला नाही. चिंचोक्यांच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "भाऊ, मले कागदावर तरी बसू दे ना आता."

मास्तर माझ्याकडे पाहत होते. फासा माझ्या हातात होता, ठेवून देता आला असता.

मी वरची तिसरी ओव्हरही दिनबालाच दिली.