लाल शाईतली तारीख

६ मार्च २००६, सोमवार
अनीचा बाक रिकामा. तिसरा आठवडा. वर्गातली मुलं आता विचारतही नाहीत.
मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका मारैके दारात उभी. "ती कुठे आहे, तुला काही माहीत आहे?"
मी फळा पुसत होतो. "नाही," म्हणालो.
ती गेल्यावरही पुसत राहिलो. फळा केव्हाच स्वच्छ झाला होता.

७ मार्च
माहीत आहे. अनी, तिची आई आणि आजी आमच्या मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनागृहात, वरच्या दोन खोल्यांत राहतात. आर्मेनियाला परत पाठवण्याचा कागद आला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तिला शिकवायला जातो.
रस्त्यावरून प्रार्थनागृह दिसत नाही. साधं घराचं दार, मागे सभागृह. पूर्वी आमच्या लोकांना उघड्यावर चर्च बांधू देत नसत, तेव्हाची रीत. जिना चढताना बूट हातात घेतो.
"आमचे लोक" लिहिलं. अजून झालो नाही त्यांच्यातला. बाप्तिस्मा ९ एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी.

१२ मार्च, रवि.
नगरला फोन. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, अजून तसंच विचारतात.
"तीन महिन्यांचा होतास तेव्हा झालाय तुझा बाप्तिस्मा. ते पाणी वाळलं का?"
"इथे मोठेपणी घेतात बाबा, स्वतः समजून. आपली श्रद्धा आपण लिहून मंडळीपुढे वाचायची."
"छापील नाही?"
"नाही."
"मग तपासतं कोण?"
कुणीच नाही, म्हणालो. फोनचं कार्ड संपलं.

१५ मार्च
लिहायला घेतलं. एकच वाक्य टिकलंय: माझं हो ते हो असेल आणि नाही ते नाही. हे लोक कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत. शपथ घेतली तर एरवीचं बोलणं कच्चं ठरतं, म्हणून. पाच वर्षांपूर्वी याच एका गोष्टीसाठी मी त्यांच्याकडे ओढला गेलो.
सहा तारखेचं "नाही" त्याच वाक्याशेजारी बसून आहे.

१७ मार्च, शुक्र.
साधना ऑफिसातून आली, कोट न काढता बोलली. "जानेवारीत नागरिकत्वाचा अर्ज टाकलाय आपण. या भानगडीत तुझं नाव आलं तर? सात वर्षं घासलीत मी त्या बँकेत. तू तर मास्तरकी परत पहिलीपासून शिकलास, इथल्या भाषेत."
"मग जाऊ नको म्हणतेस?"
"मी काय म्हणतेय ते तुला बरोबर कळतंय."
थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून: "त्या आजींना तिखट चालतं का रे?"
थालीपिठं घेऊन गेलो. आजींनी दोन खाल्ली, तिसरं रुमालात बांधून ठेवलं.

२१ मार्च, मंगळ.
भागाकार. तीन अंकी संख्येत अनी अजून चुकते, बाकी खाली उतरवायला विसरते. वही तपासायला घरी आणली. रात्रीची भांडी झाल्यावर तपासली.

२९ मार्च, बुध.
प्रशिक्षणाला गेलो होतो. माझा वर्ग मारैकेने घेतला. परतल्यावर टेबलावर चिठ्ठी: उद्या साडेतीनला ये.

३० मार्च
दार लावून घेतलं तिने. टेबलावर अनीची वही. मीच वर्गाच्या वह्यांत ठेवून दिली होती, सवयीने. काल वाटताना एका मुलीने ओळखली, "अनीची वही!"
उघडलेलं पान. लाल शाईत बरोबरची खूण, खाली माझी सही, तारीख २१ मार्च. वीस वर्षांत एकही वही तारखेशिवाय तपासलेली नाही. बाबांनी लावलेली शिस्त.
"अक्षर तुझं."
"हो."
"तेव्हा ती शाळेत नव्हती."
"नव्हती."
"तू मला नाही म्हणालास. तेच मी लिहून वर पाठवलं, माझ्या सहीने."
हे मला सुचलंच नव्हतं. माझं खोटं तिच्या नावावर गेलं.
"मी पोलीस नाही," ती म्हणाली. "पण दहा एप्रिलला नऊ वाजता नगरपालिकेचा माणूस येतोय, गैरहजर मुलांच्या चौकशीसाठी. तो तुला विचारेल. मी शेजारी बसलेली असेन."
वही माझ्याकडे सरकवली. "ही घेऊन जा. पण पाहिली नाही, असं मी म्हणणार नाही."

१ एप्रिल, शनि.
साधना: "सरळ सांग, उत्तर देणार नाही."
"तसं म्हटलं की कळलंच त्याला."
"मग त्यांना दुसरीकडे हलवा. कुठे ते तुला सांगू नका. तुझं नाही खरं होईल."
हिशेब चोख आहे. हात स्वच्छ ठेवायचा आणि तरी...

३ एप्रिल
पाळकबाई हिलकेकडे. ईस्टरआधी दुसरी जागा मिळत नाही, तीन ठिकाणी विचारून झालं. म्हटलं, माझा बाप्तिस्मा पुढे ढकला.
"ढकलू. वाक्य मग बदलेल?"
"तुम्ही सांगा काय लिहू."
"मी सांगितलं तर ती माझी श्रद्धा होईल." चहा ओतला तिने, बिस्किटाचा डबा पुढे केला, नेहमीप्रमाणे एकदाच. "ते वर राहतात हे मी फारसं कुणाला सांगितलं नाही. माहीत नसलं की खोटं बोलावं लागत नाही. तुला सांगितलं, कारण तिला भागाकार येत नव्हता."

७ एप्रिल, शुक्र.
सगळी उदाहरणं बरोबर. खूण केली, पेन बंद केलं.
"मेस्तर, तारीख?" इथली मुलं मास्तरांना असंच म्हणतात.
"आज नको."
"मग मी केव्हा केलं ते कसं कळणार?" स्वतःच घातली.
नंतर, वही मिटून: "तिकडे मला बालवर्गात बसवतील का? मला ती अक्षरं वाचता येत नाहीत."
आई खिडकीशी होती. पडदा थोडा सरकवून परत लावला.
वही घेऊन आलो.

९ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
ते वाक्य खोडलं. त्याऐवजी वाचलं: गेल्या महिन्यात मी एक नाही उच्चारलं, ते नाही नव्हतं. एका भल्या बाईने त्याखाली सही केली. सहीबद्दल मला लाज वाटते. त्या नाहीबद्दल वाटत नाही, आणि याची मला भीती वाटते. अशा माणसाला तुम्ही घेणार असाल तर मी येतो.
चाळीसेक माणसं. वरच्या मजल्यावर कुणीतरी चाललं, फळ्या वाजल्या. सगळ्यांनी ऐकलं. मान कुणीच वर केली नाही.
हिलकेने ओंजळीतलं पाणी डोक्यावर घातलं. गार होतं. साधना मागच्या बाकावर होती, येणार नाही म्हणाली होती.

१० एप्रिल, सोमवार, सकाळी ७.२०
साधनाने शर्टाला इस्त्री करून ठेवली.
"काय म्हणणार आहेस?"
"माहीत नाही."
"हे तरी खरं का?"
"हे खरं."
दप्तर भरताना अनीची वही उघडली. पुढच्या कोऱ्या पानावर तिने आजची तारीख घालून ठेवली आहे, रेघ मारून. खाली एक ते दहा आकडे, एकाखाली एक. समोर जागा मोकळी, मी उदाहरणं घालीन म्हणून. उद्या मंगळवार. तिला वाटलं असेल मी आजच घालीन.
वही टेबलाच्या खणात ठेवली. लाल पेनही. सायकलचं कुलूप काढलं आणि परत वर आलो. पेन घेतलं, वही काढली आणि पहिल्या आकड्यासमोर उदाहरण घातलं.