वेल्ह्याचे लाल ठिपके

३ ऑक्टोबर, भोर
आजपासून दोन्ही सॉफ्टवेअरची चाचणी सुरू. कंपनीच्या सगळ्या दूध संकलन केंद्रांचं नेट चालू की बंद, हे पुण्याच्या हेड ऑफिसला बसल्या जागी दिसायला हवं. एक महागडं, सूटबुटातली माणसं घेऊन आलेलं. त्याचं नाव मी नवरदेव ठेवलंय. दुसरं फुकट मिळतं, पण सगळी जुळवाजुळव आपण करायची. ते घरचं. शिफारस माझ्या सहीने जाणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं मत विचारलंय, तेव्हा नीट बघूनच देणार.

६ ऑक्टोबर
नवरदेवाच्या नकाशात भोर, नसरापूर हिरवं. वेल्ह्याची डोंगरातली केंद्रं सकाळी हिरवी, मग दिवसभर लाल. दाभाडे साहेबांचा पुण्याहून फोन. "संगीता, बघितलंस? बहुतेक वेळ बंदच. असली केंद्रं चालवायची कशाला? अहवालात घाल, कायमची बंद करून टाकू." म्हटलं, आधी जाऊन बघते. "नकाशात दिसतंय ना?" दिसतंय. तरी जाणार.

८ ऑक्टोबर
वेल्ह्याला जाऊन आले. पाठ मोडली. वरचं केंद्र चालवतात कोंडिबामामा आणि मामी. सकाळचं दूध घेऊन टेम्पो खाली गेला की मामा मेन स्विच ओढतात. नेटचा डबाही गप्प. संध्याकाळी दूध यायच्या आधी पुन्हा चालू. आसपासच्या सगळ्या केंद्रांवर हीच रीत.
"दूध गेलं, मंग रिकामं मशीन कशाला जागं ठिवायचं? अन् ईज पडली म्हंजी? मागं जळालं तवा तुमचं सायेब आलं व्हतं व्हय हितं?"
नव्हते आले. म्हणजे बिघाड काहीच नाही! हसावं की चिडावं? चिडलेच.
केंद्र बंद झालं तर काय, विचारलं. मामी चुलीपासूनच म्हणाल्या, "मंग डोक्यावर दूध घिऊन खालच्या रस्त्यापातुर चालायचं. ज्यांच्यानं हुणार न्हाई त्यांनी गुरं इकायची."
परतीच्या वाटेवर तेच डोक्यात.

१० ऑक्टोबर
नवरदेवाच्या माणसाला विचारलं, प्रत्येक केंद्राच्या वेळा वेगळ्या घालता येतील का? "मॅडम, आमच्यात चोवीस तासच धरतात." घरच्यात मी चहा गार व्हायच्या आत घातल्या. सगळा डोंगर हिरवा.
साहेबांना कळवलं. "फुकटातलं घेतलं म्हणून वर कुठल्या तोंडाने सांगू? त्या म्हाताऱ्याला स्विच चालू ठेवायला लाव. नाहीतर केंद्र बंद. आणि नवरदे..." नाही, नवरदेव मी म्हणते, साहेबांनी सॉफ्टवेअरचं खरं नाव घेतलं. त्याच्यावर सही कर म्हणे.
करत नाही जा.

११ ऑक्टोबर
टेम्पोवाल्याने ऑफिसात ऐकून साहेबांची धमकी मामांच्या कानावर घातली वाटतं. सकाळीच फोन. "पोरी, तुज्या नोकरीवर येत असंल तर ठिवतो चालू. आमी काय तुजं वैरी न्हाई."
डोळे भरून आले. मग असा राग आला! सॉफ्टवेअरचं मन राखायला आता माणसांनी शहाणपण सोडायचं? म्हटलं, मामा, करताय तसंच करा. माझं मी बघते.
आई म्हणते, सही करून मोकळी हो. नाही होणार मोकळी.

१४ ऑक्टोबर
पुण्याला बैठक. भिंतभर नवरदेवाचा नकाशा, वेल्हे लालभडक. दाभाडे रंगात आले होते, "हा सगळा भाग बेभरवशाचा." मी मधेच उठून फोन लावला, स्पीकरवर.
"मामा, जरा मेन स्विच चालू करा."
कुणी हसलं, कुणी घड्याळ बघितलं. नेटचा डबा जागा व्हायला वेळ घेतो, तोवर मी नकाशावरून नजर हलवली नाही. मग मामांचा ठिपका हिरवा झाला. म्हटलं, बिघाड नाही, दूध नसताना ते स्विच बंद ठेवतात एवढंच.
दाभाडे लाल. "निर्णय सोमवारी. तोवर तुझी सही हवी, नाहीतर पुढचं तुझं तू बघ."
बघीन की.
फोन चालूच होता. "पोरी, झालं का तुजं? करू का स्विच बंद?"
साहेबांकडे बघतच म्हटलं, "करा मामा."