हॅलोरनबाईंचा पहिला मासा

वरच्या तळ्यावरचं लॉज
२४ जून १९९४

ती. फेक्लाआत्यास,
ओलिंकाचा सा. न. वि. वि.

पोचले. विमान तळ्यावर उतरताना डोळे मिटून घेतले, पण पायलटला कळू दिलं नाही. खुशाली रेडिओवर सांगितली असती, पण मग तुझ्या शिव्याही अख्ख्या नदीनं ऐकल्या असत्या. म्हणून पत्र. विमान मंगळवारी आणि शुक्रवारी तुझ्या मासेमारीच्या तळावरून येतं, त्याच्याकडे उत्तर दे.

मालक डेल मला जुलैअखेरपर्यंत पारखून बघणार आहे. पाहुणे खूश राहिले तर दर उन्हाळ्यात बोट माझी. बाईमाणूस गाइड या लॉजवर आजवर झालेली नाही, आपल्या गावचंही कुणी नाही. बाकीचे तिघे गाइड दुरून आलेत. पाण्यावरची सुरकुती त्यांना दिसते, सुरकुतीखाली काय आहे ते मला विचारून घेतात. ते मला तू शिकवलंस, तेव्हा मान तुझा.

निघताना तू जे बोललीस ते विसरले नाही. इथे राजा-सामन मासे गळाला लावतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. धक्क्यावर पाटीच आहे, ‘इथे एकही राजा मारला जात नाही.’ डेलला तिचा फार अभिमान. मी मासा पाण्याबाहेर काढू देत नाही, ओल्या हातानंच धरते. एवढं तरी तुला चालेल का?

सुकवलेल्या माशाच्या पट्ट्या पाठव. इथे रोज पावावर काहीतरी ठेवून त्यालाच जेवण म्हणतात.

पट्ट्यांबरोबर थोडा लोभही येऊ दे.
तुझी ओलिंका


मासेमारीचा तळ, नदीचं मुख
२७ जून १९९४

चि. ओलिंकास, अ. आ.

पट्ट्या पाठवल्यात. त्या तिघांनाही दे, नाहीतर म्हणतील हिची आत्या हात आखडणारी.

चालेल का म्हणून विचारतेस. नाही चालत. मासा आपणहून आपल्याकडे येतो. दाराशी आलेल्या पाहुण्याचा ओठ ओढायचा, फोटो काढायचा आणि उंबऱ्यावरूनच वाटेला लावायचं, ही कुठली रीत? तो पुन्हा कशाला येईल? माशाशी खेळू नये, एवढं एकच तर मी तुला बसवून शिकवलं. बाकी सगळं तू आपलं आपण शिकलीस, उलट उत्तरं द्यायलासुद्धा.

सहा वर्षांची असताना पहिला मासा धरलास, आठवतं? रीतीप्रमाणे तो सगळाच्या सगळा म्हाताऱ्यांना वाटला. तुला घासही दिला नाही, तेव्हा तू मासे सुकवायच्या धुराच्या खोपटामागे बसून भोकाड पसरलंस. मग वासिलीआजोबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ही देते आहे, हिला मिळत राहील.” मिळतंय ना? मग देणाऱ्याला दुखवू नकोस.

यंदा राजे उशिरा आणि थोडे. आठवड्यात जाळ्यात चारच. खांदा दुखतो, पण सुरी अजून माझं ऐकते. ऑगस्टमध्ये परत ये. नाही आलीस तरी टाकणार नाही, पण बोलणार जरूर.

लोकरीचे मोजे घाल आणि आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
फेक्लाआत्या


वरच्या तळ्यावरचं लॉज
५ जुलै १९९४

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

या पत्राबरोबर ओल्या गवतात गुंडाळलेला मासा येतोय. आधी त्याला सावलीत ठेव, मग वाच.

इथे हॅलोरनबाई म्हणून पाहुण्या आहेत, वय चौऱ्याहत्तर. एकोणीस उन्हाळे नवऱ्याबरोबर आल्या, यंदा एकट्या. नवरा हिवाळ्यात गेला. एकोणीस वर्षांत दोघांनी एकही मासा ठेवला नाही, सगळे सोडले. त्याच्या नावानं एक राजा धरायचा आणि त्याच्यासारखाच सोडायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

काल लागला. पाऊण तास बाई बोटीत उभ्या. मी गळाची काठी धरू का विचारलं तर नुसतं माझ्याकडे पाहिलं, अगदी तू पाहतेस तसं. आत्या, मला त्यांचा इतका अभिमान वाटला, जणू त्या आपल्याच घरच्या.

मासा बोटीशी आला तर गळ कल्ल्यात रुतलेला. लालभडक रक्त. असा मासा जगत नाही, हे तुला सांगायला नको. पाटीप्रमाणे सोडला असता, तर दोन वळणांवर पोट वर करून वाहत गेला असता. मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्या घरी अशा वेळी काय करतात. मी दांडका उचलला. एकच घाव, तू शिकवलास तसा.

डेलनं धक्क्यावर आवाज चढवला नाही, फक्त इंजिनाची किल्ली मागितली. शुक्रवारच्या विमानानं मला परत धाडणार आहे. तोवर भांडी घासते. बोट गेली आत्या, आणि मला तिचं फार वाईट वाटतंय.

बाईंनी मग विचारलं, याचं करायचं काय. मला एकदम सुचलं. आजवरचे सगळे सोडले, म्हणजे हा त्यांचा पहिलाच. मी आपली रीत सांगितली. त्या हसल्या, म्हणाल्या, या वयात माझ्याहून म्हातारं माणूस कुठून आणू. मी तुझं नाव सांगितलं. तू सहा वर्षांनी लहान आहेस ते गिळून टाकलं. मग त्या बराच वेळ रडल्या आणि मासा स्वतः गवतात गुंडाळला.

रागावलीस तरी भेटल्यावर जवळ घे.
ओलिंका


मासेमारीचा तळ
७ जुलै १९९४

चि. ओलिंकास, अ. आ.

मला म्हातारी ठरवलंस, त्याचं उट्टं पुढे काढीन.

काय मासा होता! पोटाची चरबी बोटभर जाड. सुरीला नव्यानं धार लावली. नऊ म्हाताऱ्यांना वाटला, डोकं मी खाल्लं, पातेलंही पुसून घेतलं. बाईंचं नाव कुणाला धड म्हणता येईना, तरी जे म्हणायचं ते सगळ्यांनी म्हटलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या पोरीला सांग, तिला मिळत राहील.

कापण्याआधी घाव पाहिला. डोळ्यांच्या मागे, एकच, सरळ. ही माझी भाची, असं मी सगळ्यांदेखत म्हणाले. तू खेळायला गेलीस असं मला वाटलं होतं, ते चुकलं. सोडण्याबद्दलचं माझं मत मात्र आहे तेच आहे.

आता काम ऐक. चरबीच्या रिकाम्या डब्यात त्याची हाडं आहेत, एकूण एक. मासा जिथे धरला तिथेच ती पाण्यात गेली पाहिजेत, आणि धरणाऱ्याच्या हातानं. नाहीतर पुढच्या वर्षी तो वाट कशी शोधणार? जागा तुला ठाऊक, तेव्हा वाट तूच दाखवायचीस. तुझ्या मालकाला माझा निरोप सांग, की मासा आम्हीही सोडतो, फक्त जेवून सोडतो.

विमानात बसायची घाई करू नकोस.
फेक्लाआत्या


वरच्या तळ्यावरचं लॉज
८ जुलै १९९४

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

विमान आलं तेव्हा मी बोचकं घेऊन धक्क्यावर उभी होते. तुझं पत्र तिथेच वाचून बाईंना काय करायचं ते सांगितलं, डबा त्यांच्या हाती दिला आणि तुझा निरोप डेलला जसाच्या तसा सांगितला. ते तिघे हसले, डेल हसला नाही. बाई सरळ बोटीत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, ही पोरगी आल्याशिवाय मी उठणार नाही.

डेलनं पायलटला थांबायला सांगितलं आणि स्वतः बोट काढली. मी पुढे बसून वाट दाखवली. बाईंनी एकेक हाड पाण्यात सोडलं, शेवटच्याबरोबर नवऱ्याचं नाव घेतलं. डेलनं टोपी काढली. मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं की तो मासा जगणार नाही हे मला कसं कळलं. मी रक्ताचा रंग सांगितला. अशा रक्ताचे मासे मीही कितीतरी सोडले, एवढंच तो म्हणाला. परतताना बोट माझ्या हाती देऊन पुढे जाऊन बसला. किल्ली त्यानं परत मागितली नाही, ती अजून माझ्याच खिशात आहे. पाटीखाली त्यानं खडूनं लिहिलंय, ‘रक्त दिसलं तर ओलिंकाला विचारा.’

तर विमानात माझ्या जागेवर हे पत्र बसवलंय.

बाई पुढच्या उन्हाळ्यात येणार आहेत. दुसरा मासा स्वतः खाता येतो ना, हे त्यांनी तीनदा विचारून घेतलं. तो त्यांना तुझ्या तळावर, तुझ्या हातचा खायचाय. तेव्हा तुझं खरं वय तूच सांग.

माया आहेच, ती अशीच धुरावर टिकू दे.
तुझी ओलिंका