कुंडावरची पट्टी

व्होसरोलचा मठ,
२ जुलै १९५७

चि. ओदिल हिस जर्मेनमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. रविवारी बाळाला इथे आणून, तुझा झाला त्याच कुंडात त्याचा बाप्तिस्मा करायचा, हे वाचून डोळे भरून आले. त्या दिवशी आमच्या संताचा सण, म्हणजे सगळं गाव मठात असणार. तुझ्या बाप्तिस्म्याला तू जुन्या फादरांच्या दाढीला लोंबकळली होतीस. लेक तुझ्यावर गेला असेल, तर नव्या फादरांना दाढी नाही हे बरंच.

पण खरं सांगू? हल्ली मला मठात एकटीनं जायची भीती वाटते. तुझे काका गेल्यापासून किल्ली माझ्याकडे, झाडलोट माझ्याकडे, पण अशी कधी घाबरले नव्हते. भरदुपारी उत्तरेच्या भिंतीतून करकर ऐकू येते. कमानीतले कावळे घरटी टाकून निघून गेले. कुंडाचं झाकण सकाळी पुसावं, तर संध्याकाळी पुन्हा वर पांढरी भुकटी. शेजारची मादाम पेरुशो म्हणते, फरशीखाली पुरलेले जुने साधू जागे झालेत, त्यांच्या नावानं मेणबत्त्या लाव. लावल्या. करकर चालूच आहे.

तरी तुम्ही येणार म्हणून कंबर कसली आहे. कुंडावरच्या भिंतीला एक चीर आहे. जुन्या इमारती सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीतला माणूस तिच्यावर आडवी प्लास्टरची पट्टी थापून, वर तारीख खरडून गेला होता. काय ते काम! ईस्टरपासून पुन्हा पुन्हा तडकते. दर वेळी मीच भरते, वर चुन्याचा हात देते. आता कशी गुळगुळीत झालीय. कचेरीतले साहेब पाहणीला येतील तेव्हा नाव ठेवायला जागा नको. मी राहते ती खोली कचेरीचीच, मला दुसरं घर कुठे?

रेमीला सांग, मोहरी लावून ससा शिजवणार आहे. बाळाचा पापा घे, आणि या म्हातारीवर माया राहू दे.

तुझी,
जर्मेनमावशी


लियाँ,
४ जुलै

ती. जर्मेनमावशीस ओदिलचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र जेवताना मी मोठ्यानं वाचत होते. साधूंवर हसून झालं. पट्टीचा मजकूर आला आणि रेमीनं चमचा खाली ठेवला. तो बांधकामावर मुकादम आहे, तुला ठाऊकच आहे. त्यानं ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

मावशी, ती पट्टी डागडुजीची नव्हे. भिंत सरकते का, हे कळावं म्हणूनच ती लावतात. भिंत जागेवर राहिली तर पट्टी राहते, भिंत हलली की तडकते. भिंत बोंबलून सांगत होती आणि तू दर वेळी तिच्या तोंडाला चुना लावत होतीस. रागावू नकोस. तू रोज त्या कुंडापाशी उभी राहतेस!

बाळाला आणत नाही. पण सणाला सगळं गाव तिथे असेल. पाया पडते, दार उघडू नकोस. कचेरीतले साहेब दौऱ्यावर आहेत. तुमच्या कॅफेत फोन केला, तर मालक हसला. म्हणून तातडीच्या टपालानं लिहिते आहे. रेमी म्हणतो, नवी पट्टी लाव, तारीख घाल आणि तिला हात लावू नकोस. खोलीची काळजी सोड, आमच्याकडे तुझी खाट आहे.

दोन ओळी लगेच टाक, तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
ओदिल


व्होसरोल,
१० जुलै

चि. ओदिल हिस आशीर्वाद.

आधी सांगते, मी धड आहे.

तुझं पत्र घेऊन फादरांकडे धावले. ते म्हणाले, मठ आठशे वर्षं उभा आहे, लढाईतही पडला नाही, तुमच्या भाचीच्या कागदानं पडेल होय? मी वाद घातला नाही. किल्ली सशांच्या खुराड्यात गवताखाली लपवली आणि हरवली म्हणून सांगितलं. सणाची मिस्सा-प्रार्थना कुरणात झाली, तीही भुरभुर पावसात. मेयरबाईंच्या नव्या टोपीचा लगदा झाला. नवरा गेल्यापासून जर्मेनचं डोकं फिरलंय, असं लोक माझ्यादेखत बोलले. मान खाली घालून ऐकलं.

संध्याकाळी किल्ली काढली आणि फादरांसमोर नवी पट्टी लावली. एकदाची माझी कटकट मिटावी म्हणून त्यांनी स्वतः तारीख घातली. काल दुपारी आम्ही दोघं बघायला गेलो. पट्टी दुभंगली होती. फटीत माझं बोट गेलं. फादरांनी टोपी काढली, मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि दार स्वतः लावलं. आता मेयरांनी मठाभोवती दोर बांधलाय आणि कुणी हसत नाही.

आज साहेब आले. आधीची पट्टी कुणी भरली, असं विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं आणि वही मिटली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ओदिल, इतके दिवस मला साधूंची भीती वाटत होती. आता वाटतं, साधूच असते तर किती बरं झालं असतं!

शनिवारी ससा घेऊन येते. बाप्तिस्मा तिकडच्या चर्चमध्येच करू. फक्त त्याआधी रेमीला तिथल्या भिंती नीट बघून यायला सांग.

तिघांनाही मायेनं जवळ घेते.

तुझी,
मावशी