गाण्याआधीची सुई

लॉरेल खोरं, केंटकी
१८ एप्रिल

चि. डेल्फियास,
मोठ्या भावाचे पोटभर आशीर्वाद. वि.वि.

तुझं पत्र पोचलं. फोन असताना पत्रं कसली लिहिता, असं हॉबर्टकाका विचारतो. मी त्याला सांगितलं की खोऱ्यात फोन लागत नाही हे एक, आणि लागला तर तू मला बोलू देत नाहीस हे दुसरं.

बातमी चांगली नाही. तिसऱ्या तपासणीतही माझ्या फुप्फुसातली गाठ वाढलेलीच निघाली. काकाची तशीच, प्रार्थनाघरातल्या ओपल सायझमोरचीही तशीच. तुमच्या प्रयोगशाळेत निघालेलं औषध सिनसिनाटीत लोकांच्या गाठी विरघळवतं म्हणे, मग आमच्या डोंगराशीच त्याचं काय वाकडं आहे? सलाइन लावणारी नर्स दबक्या आवाजात म्हणाली की तुमचे मोठे डॉक्टर व्हिटकोम आमच्या इस्पितळातली त्या औषधाची चाचणीच बंद करायच्या विचारात आहेत. ते खरं का, तेवढं कळव. मरणाची भीती नाही असं म्हणणार नाही, पण देवाशी माझं बोलणं चालू आहे. आपल्याला मोजलंच नाही, याचा मात्र राग येतो.

बाकी ठीक. परागामुळे घसा पार बसला होता, तरी रविवारी प्रार्थनाघरात ओळ मीच उचलली आणि मंडळींनी मागून गायली. ओपल म्हणाली की एस्टिल, तुझी गाठ वाढो नाहीतर न वाढो, आवाज काही कमी होत नाही. तिचं कौतुक असंच असतं.

कामाच्या नादात जेवण चुकवू नकोस. माया राहू दे.
तुझा,
एस्टिल

*

सिनसिनाटी
२६ एप्रिल

ती. दादास,
शि.सा.न. वि.वि.

ऐकलंस ते खरं आहे. परवाच्या बैठकीत व्हिटकोमसाहेबांनी तक्ता पडद्यावर लावला आणि डोंगराकडच्या सगळ्या रुग्णांवर एक रेघ ओढली. म्हणाले, ही माणसं सांगितलेलं पाळत नाहीत, लपून सिगारेटी ओढतात आणि विचारलं की खोटं बोलतात. मी म्हटलं, मीही त्याच माणसांतली आहे. त्यावर ते हसून म्हणाले की तू वेगळी. दादा, ते 'वेगळी' मला शिवीसारखं लागलं. जूनअखेर चाचणी बंद करायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंय.

माझं म्हणणं तुला ठाऊक आहे. शरीरातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी. कर्करोग त्यांना बांधून ठेवतो, आमचं औषध ते बंध सोडवतं. पण डोंगराकडून आलेल्या रक्तात हे पहारेकरी मोकळे असूनही झोपलेले दिसतात. कोळशाची धूळ त्यांना झोपवते, असं मी गेली कित्येक वर्षं मांडत आले. बाबा खाणीत गेले, काका खाणीत गेले, तू तरुणपणी जाऊन आलास. जूनमध्ये शिकागोच्या परिषदेत मला तेच मांडायचं आहे. त्यावर मला स्वतःची प्रयोगशाळा मिळेल, असं सगळे म्हणतात.

आता रागावू नकोस, पण एक विचारते. घसा पार बसला होता, तर रविवारी आवाज आला कुठून? तू माझा भाऊ, म्हणून तुझे कागद मला बघू देत नाहीत. रक्ताच्या नळ्यांवर नुसते आकडे असतात. म्हणून तुलाच विचारते. मध-आल्याने असा आवाज परत येत नाही. काय घेतलंस?

वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, तो वाढत जावो.
तुझी,
डेली

*

लॉरेल खोरं
४ मे

चि. डेल्फियास,
आशीर्वाद. वि.वि.

तुझ्या व्हिटकोमसाहेबांना सांग की मी गेल्या बारा वर्षांत सिगारेटला हात लावलेला नाही, आणि खोटं तर त्याच्याही आधीपासून बोललेलो नाही. तुझं पत्र वाचून दोन दिवस मी धुमसत होतो. मग दाराच्या पायरीवर बसून टोपलीभर शेंगा सोलल्या, तेव्हा कुठे डोकं थंड झालं.

आवाज आला तो सुईने. यात लपवण्यासारखं काय आहे? परागाचे दिवस आले की सगळं खोरं रीबाच्या दवाखान्यात सायनसची सुई घेतं. तू इथे होतीस तेव्हाही लोक घेत होते. ओळ उचलायची असेल तर आधी सुई घ्यायचीच. आता याच महिन्यात पुरलेल्यांच्या आठवणीचा दिवस येईल, थडगी साफ होतील, डोंगरावर सगळ्यांचं जेवण होईल, दिवसभर गाणं होईल. त्याआधी रीबाच्या दारात रांग लागते.

इस्पितळात विचारतात की दुसरं काही औषध चालू आहे का, तेव्हा मी नाही म्हणतो. देवाला साक्षी ठेवून नाही म्हणतो. औषध म्हणजे गोळी, बाटली, जे घरात फळीवर असतं ते. सुई हे काय औषध आहे? ती घेतली आणि विसरली. मी काकाला आणि ओपलला विचारलं. दोघंही घेतात, दोघांनीही इस्पितळात नाही सांगितलं. काका वर म्हणाला की उद्या केस कापल्याचंही सांगायचं का.

रीबाकडे जाऊन सुईत काय असतं ते विचारलं. स्टेरॉइड, म्हणाली. मी म्हटलं की डेलीनं विचारलंय, तर तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. आमची चाचणी चालू आहे हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

डेली, हे वाईट आहे का? सरळ सांग, गोड करून सांगू नकोस.
तुझा,
एस्टिल

*

सिनसिनाटी
२७ मे

ती. दादास,
शि.सा.न. वि.वि.

सरळच सांगते. एखादी सुई एकदा घेतली तर किती नुकसान होतं, हे आज कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. पण औषध सुरू व्हायच्या तोंडावर आणि मग दर काही आठवड्यांनी घेतली, तर पहारेकरी झोपतात, यात मला आता शंका नाही. स्टेरॉइड सूज उतरवतं ते याच पेशींना निजवून.

तुझं पत्र वाचून मी फ्रीजरमधल्या साठवलेल्या नळ्या काढल्या. स्टेरॉइड पेशीत शिरलं की ठरावीक जनुकं जागी होतात, आणि त्यांची खूण मागे राहते. डोंगराकडच्या जवळजवळ प्रत्येक नळीत ती खूण आहे. ज्या थोड्या नळ्यांत नाही, त्या माणसांच्या गाठी कमी झाल्या आहेत. त्यातले दोघे आयुष्यभर खाणीत होते.

म्हणजे कोळशाची धूळ नव्हे. माझं म्हणणं चुकलं, दादा. ती खूण मला पहिल्यापासून दिसत होती आणि मी तिला धुळीचं नाव देऊन बसले होते. आपल्या माणसांवर खाणीनं अन्याय केला, हे मला इतकं पक्कं माहीत होतं की दुसरीकडे मान वळवून बघायचं सुचलंच नाही. त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले.

व्हिटकोमसाहेब म्हणाले की शिकागोत धुळीचंच मांड, हे नंतर बघू, एवढ्या वर्षांच्या कामावर स्वतःच पाणी ओतू नकोस. मी म्हटलं, नंतर म्हणजे जूननंतर, आणि तोवर तुम्ही आमचं दार लावलेलं असेल. मग चाचणीवर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या बैठकीत मी न बोलावता जाऊन उभी राहिले आणि सगळं मांडलं. त्यांच्यासमोरच साहेबांना विचारलं की प्रश्नच चुकीचा विचारला, तर उत्तर देणारा खोटा कसा? 'औषध घेता का' विचारलं. 'सुई घेता का' असं एकाही माणसानं विचारलं नाही, आणि मी तिथली असून मलाही सुचलं नाही. शेवटी मंडळानं ठरवलं: चाचणी चालू राहणार. नवे रुग्ण घेणार, आणि काका, ओपल यांना सुई बंद करून पुन्हा संधी देणार.

तुला नाही. तुझी गाठ नियमाच्या हद्दीपलीकडे वाढली आहे. हे सांगायला त्यांनी मला बाजूला नेलं. तिथे मी भांडले, पण हरले. दुसरं औषध आहे, दुसरे डॉक्टर आहेत, मी येतेच आहे. शिकागोत माझी चूक मीच मांडणार. प्रयोगशाळा मिळणार नाही बहुतेक.

रागावला असशील तर तसंही लिही, पण लिही.
तुझी,
डेली

*

लॉरेल खोरं
८ जून

चि. डेल्फियास,
आशीर्वाद. वि.वि.

पत्र घेऊन मी वरच्या कुरणात गेलो आणि देवाशी बरंच भांडलो. तो ऐकून घेतो, एवढं त्याचं बरं आहे. खाली आलो तेव्हा माझ्यात राग होता, पण तुझ्यावर नव्हता.

रविवारी प्रार्थनाघरात उभा राहून मी सगळं सांगितलं. काका ताडकन म्हणाला की मग गायचं कुणी, बेडकांनी? मी म्हटलं, तूच सुरू कर. परागाचा जोर ओसरला नव्हता आणि सुई कुणीच घेतली नव्हती. इतकं भसाडं गाणं या डोंगरानं ऐकलं नसेल. ओपलचा आवाज मधेच गेला, तरी ती ओठ हलवत उभी राहिली. एकही माणूस खाली बसला नाही. रीबाने दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे: फुप्फुसाच्या चाचणीतल्यांनी सुई मागू नये, मिळणार नाही.

गुरुवारी काका आणि ओपलला सलाइनसाठी मीच गाडीतून नेतो. नर्स म्हणाली की तुमचं नाव यादीत नाही, तुम्ही कशाला येता. मी म्हटलं, यादी तुमची, रस्ता आमचा. दुसऱ्या औषधाच्या कागदावर सही केली आहे. ते लागू पडेल का, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही. पण 'मी याला घरी बसवलं' असं आजाराला म्हणू द्यायचं नाही.

आता तुझं. शिकागोत मान खाली घालून बोलू नकोस. चूक दाखवायला निघालीस ती आपल्या माणसांसाठी, मग लाज कसली? एकच मागणं आहे. नळ्यांवर नुसते आकडे असतात म्हणालीस, तिथेही तेच सांगत असतील. माझा आकडा सांगू नकोस. लागेल त्या कागदावर सही पाठवतो. पडद्यावर माझं नाव लाव आणि व्हिटकोमसाहेब पहिल्या रांगेत असतील तर त्यांच्याकडे बघून वाच: एस्टिल कॉडिल, लॉरेल खोरं, केंटकी. त्याला विचारलं तेवढं त्यानं खरं सांगितलं.

तुझी वाट बघणारा,
एस्टिल